जँगो राइनहार्ट : १९३९ नंतरचे वादन खरोखरच उतरणीचे आहे का?

अनवट (प्रश्न)

जॅझ गिटारविषयी मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही, म्हणून येथे विचारतो आहे. जँगो राइनहार्ट या रोमानी (जिप्सी) गिटारवादकाच्या कारकिर्दीविषयी जे काही वाचायला मिळते त्याचा आराखडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो : १९१० साली बेल्जियममधील लिबर्शी येथे फिरस्त्या मानूश (रोमानींचा एक गट) कुटुंबात जन्म, अठराव्या वर्षी आगीत भाजलेला डावा हात, १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्याबरोबर पॅरिसमध्ये उभे राहिलेले ‘हॉट क्लब’ या जॅझरसिकांच्या मंडळाचे पंचक (पाच वादकांचा संच) आणि त्या पंचकाने मिळवलेली कीर्ती. १९३९ मध्ये युद्ध सुरू होते आणि तेथेच बहुतेक लेखकांचा उत्साहही मावळतो. पुढची चौदा वर्षे दोन-तीन वाक्यांत उरकली जातात : अमेरिकेचा फसलेला दौरा, इलेक्ट्रिक गिटारचा नाद, चित्रकला, मासेमारी आणि १९५३ मध्ये मृत्यू.

मीही त्या पंचकाच्याच तबकड्या ऐकत गिटार शिकलो. परंतु अलीकडे १९५३ च्या मार्चमधील ध्वनिमुद्रणे लक्षपूर्वक ऐकली, तेव्हा हे उतरणीला लागलेल्या कलावंताचे वादन आहे असे मला कोठेही वाटले नाही. स्वर कमी आहेत, मधल्या जागा मोकळ्या आहेत आणि तरीही हात त्याचाच आहे हे ओळखू येते. माझा मूळ प्रश्न असा, की या उत्तरकाळाला दुय्यम मानण्यामागे सांगीतिक कारण आहे, की ती केवळ सवय आहे? त्याला लागूनच आणखी दोन शंका आहेत. दोन बोटांनी वाजवण्याची जी कथा सांगतात ती कितपत खरी आहे? आणि नाझी सैन्याच्या ताब्यातील पॅरिसमध्ये एक रोमानी माणूस उघडपणे मंचावर वाजवत कसा राहू शकला?

जुनी तबकडी (प्रतिसाद)

आपल्या मूळ प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला करू. १९३४ ते १९३९ या काळातील पंचक हे जँगोचे घर आणि नंतरचे सारे भटकणे, असे आपण मानून चालतो. त्याच्या कारकिर्दीची सुरुवात मुळात जॅझपासून झालेलीच नाही. पॅरिसच्या सीमेवरील वस्तीत वाढलेला हा मुलगा बँजो वाजवत नृत्यगृहांत ॲकॉर्डियनवादकांची साथ करत असे, आणि १९२८ मधील त्याची पहिली ध्वनिमुद्रणे झां व्हेसाद या ॲकॉर्डियनवादकाबरोबरची आहेत. तबकडीवर त्याचे नावही धड छापलेले नाही, कारण ते लिहावे कसे हे त्यालाच सांगता येत नव्हते. त्याच वर्षी इंग्लंडचा बँडप्रमुख जॅक हिल्टन याने त्याला आपल्या ताफ्यात येण्याचे निमंत्रण दिले; पण ते प्रत्यक्षात येण्यापूर्वीच राहत्या गाडीला आग लागली. पत्नीने विक्रीसाठी केलेली सेल्युलॉइडची फुले गाडीत होती, ती क्षणात पेटली, आणि त्यात डावा हात व उजवा पाय होरपळला. पाय कापावा लागेल असे डॉक्टरांचे मत होते, ते त्याने मानले नाही. अंथरुणावर दीड वर्षाच्या आसपास गेले.

अमेरिकन जॅझमधील लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन आणि जो व्हेनुटी व एडी लँग या व्हायोलिन-गिटार जोडीच्या तबकड्या त्याने ऐकल्या त्या त्यानंतर, १९३१ मध्ये तूलों येथे, एमिल साव्हित्री या चित्रकार-छायाचित्रकाराच्या घरी. म्हणजे जॅझ ही त्याची दुसरी दिशा होती. तिसरी दिशा १९३९ नंतर आली, आणि माझ्या मते ती त्याने स्वतः निवडलेली होती, ओढवलेली नव्हती.

याचा पुरावा त्याच्या निर्णयांत दिसतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले तेव्हा पंचक लंडनमध्ये होते. ग्रापेली तेथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. त्याला जुनाच घाट टिकवायचा असता, तर पॅरिससारख्या शहरात दुसरा व्हायोलिनवादक मिळणे अवघड नव्हते. त्याने घेतला युबेर रोस्तँ हा क्लॅरिनेटवादक, आणि ज्या पंचकाची ओळखच ‘ड्रमशिवायचा जॅझ’ अशी होती त्याच्या जागी पिएर फुआद याचे ड्रम आणले. डिसेंबर १९४० मध्ये ‘न्युआज’ मुद्रित झाले ते दोन क्लॅरिनेटांसह. ती धून व्याप्त फ्रान्समध्ये घरोघरी पोहोचली, आणि आज त्याची सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणून आपण जिचे नाव घेतो ती हीच आहे. तिच्यात ग्रापेलीचा सहभाग नाही. पुढे १९४३ मध्ये ‘मान्वार द मे रेव्ह’सारखी संथ, मोठ्या वाद्यवृंदाला शोभेल अशी रचना त्याने केली. वाद्यलेखन तो स्वतः कागदावर उतरवू शकत नव्हता. गिटारवर एकेका वाद्याचा भाग वाजवून दाखवायचा आणि सहकाऱ्याने तो लिहून घ्यायचा, अशी पद्धत होती. ज्याच्या डोक्यात असे संच आकार घेत होते, त्याला तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक बास यांच्यात आयुष्यभर राहणे जमले असते असे मला वाटत नाही.

सहा तारा (प्रतिसाद)

बोटांविषयी लिहितो, कारण या बाबतीत भाबडे कौतुक फार ऐकू येते. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजल्यामुळे आखडली होती, हे खरे आहे. एकल वादनात तो तर्जनी आणि मध्यमा या दोनच बोटांवर चालत असे, हेही खरे. परंतु उरलेली दोन बोटे पूर्णपणे निकामी नव्हती. वरच्या दोन बारीक तारांवर ती अडकवून तो कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) धरत असे, आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या एका लहान चित्रफितीत हे स्पष्ट दिसते.

महत्त्वाची गोष्ट अशी, की या मर्यादेतून बोटे फिरवण्याची एक वेगळी व्यवस्था तयार झाली. चार बोटांचा वादक सहसा एका जागी हात ठेवून तारांवर आडवा सरकतो. जँगोला ते शक्य नव्हते, म्हणून तो गिटारच्या मानेवर लांबीच्या दिशेने, एकेका तारेवर दोन-दोन स्वर घेत, तिरका चढत जातो. कॉर्डचे स्वर सुटे करून वाजवण्याची त्याची जी लांब उडीसारखी धाव आहे, ती या चालीतूनच येते. एकाच बोटाने अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरसर वर जाणे, दोन तारांवर एकदम सप्तक धरून वाजवणे, मायनर कॉर्डमध्ये सहावा स्वर मिसळणे, यांतील बरेचसे हाताच्या रचनेशी जुळणारे आहे. मात्र तेवढ्यावरून सारे श्रेय जखमेला देऊ नये. तशाच बोटांनी वाजवून पाहणाऱ्यांना ती धाव साधते, तो विचार साधत नाही.

उजव्या हाताचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, आणि माझ्या मते खरी ताकद तेथे आहे. मनगट गिटारपासून सुटलेले, जाड पिक (तार छेडण्याची पट्टी), आणि तार बदलताना प्रत्येक वेळी खालच्या दिशेचाच आघात. हा घणाघात नृत्यगृहातील गोंगाटात ॲकॉर्डियनच्या शेजारी ऐकू येण्यासाठी घडलेला आहे. सेल्मर कंपनीने मारिओ माकाफेरी याच्या आराखड्यावरून १९३२ पासून जी गिटार काढली, तिचाही हेतू तोच होता, मोठा आणि दूर जाणारा आवाज.

आता आपल्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध सांगतो. युद्धानंतर ॲम्प्लिफायर आला आणि मोठ्याने वाजवण्याची सक्ती संपली. सेल्मर गिटारलाच पिक-अप (तारेचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारे साधन) लावून तो वाजवू लागला. स्वर लांबवता येतो, हळू वाजवूनही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचता येते, हे कळल्यावर त्याच्या वाक्यांची लांबीच बदलली. सुरुवातीच्या काही इलेक्ट्रिक मुद्रणांत आवाज फाटतो आणि तो अजून यंत्राशी झगडतो आहे हे जाणवते, ते मान्य. १९५१ पर्यंत ती झटापट संपलेली आहे. त्या वर्षीचे ‘अँप्रॉम्प्त्यू’ ऐका. वेगही आहे आणि ओढाताण नाही. पॅरिसच्या संगीत संग्रहालयात त्याची जी सेल्मर गिटार जपून ठेवलेली आहे तिचा क्रमांक ५०३, आणि ती १९४० सालची आहे. अर्थात ज्या पंचकाची आठवण म्हणून लोक तिचे छायाचित्र काढतात, त्या युद्धपूर्व पंचकात ती गिटार कधी वाजलेलीच नाही.

पायवाट (प्रतिसाद)

युद्धकाळाविषयीची शंका सर्वांत अवघड आहे, आणि तिचे उत्तर ‘कला जिंकली’ अशा थाटात देणे मला अनुचित वाटते.

आधी पार्श्वभूमी. फ्रान्समधील फिरस्त्यांवर नियंत्रण नाझींनी आणलेले नाही. १९१२ च्या कायद्याने त्यांना बोटांचे ठसे आणि शरीराची मापे नोंदवलेले ओळखपुस्तक जवळ बाळगण्याची सक्ती केली होती, आणि ही पद्धत १९६९ पर्यंत चालू राहिली. एप्रिल १९४० मध्ये, म्हणजे जर्मन सैन्य पॅरिसमध्ये पोहोचण्यापूर्वीच, फ्रेंच सरकारने त्यांच्या संचारावर बंदी घातली. पुढे हजारो रोमानी लोक तेथील छावण्यांत डांबले गेले. लुआरजवळची मोंत्रय-बेले ही त्यांतली सर्वांत मोठी. युरोपभरात मारल्या गेलेल्या रोमानी लोकांची संख्या किमान दोन लाखांच्या पुढे आणि काही अभ्यासकांच्या मते पाच लाखांपर्यंत जाते.

या सगळ्यात जँगो वाचला, कारण तो प्रसिद्ध होता, पॅरिसमध्ये राहत होता आणि शहराला करमणूक हवी होती. नाझींनी जॅझचा अधिकृतपणे धिक्कार केला, पण व्याप्त पॅरिसमध्ये सुट्टीवर आलेले जर्मन अधिकारी त्याच्या मैफलींना येत, आणि पॅरिसचे तरुण तर जॅझवेडे झाले होते. त्याची लोकप्रियता १९४१-४२ मध्ये युद्धपूर्व काळापेक्षाही अधिक होती. तरीही हे संरक्षण किती तकलादू आहे, हे त्याला स्वतःला कळत होते. १९४३ मध्ये जर्मनीत वाजवण्यासाठी दबाव येऊ लागला तेव्हा त्याने स्वित्झर्लंडमध्ये निसटण्याचा प्रयत्न केला. सीमेजवळ तो पकडला गेला, एका जॅझप्रेमी जर्मन अधिकाऱ्यामुळे सुटला. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा स्विस बाजूने त्याला परत पाठवले. त्याच वर्षी सालब्री येथे त्याने नागीन या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या सोफी झिग्लरशी लग्न केले, आणि जून १९४४ मध्ये मुलगा बाबिक जन्मला.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. १९४६ च्या सुरुवातीला जँगो लंडनला जाऊन ग्रापेलीला भेटला आणि दोघांनी फ्रान्सच्या राष्ट्रगीताची धून जॅझच्या अंगाने मुद्रित केली. देश मुक्त झाल्याचा तो आनंद होता. परंतु फ्रान्समधील छावण्यांत अडकलेल्या शेवटच्या रोमानी कुटुंबांची सुटका त्या वर्षीच्या जूनमध्ये झाली, आणि या प्रकरणातील देशाची जबाबदारी फ्रान्सच्या अध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केली ती २०१६ मध्ये. चरित्रकार त्याला ‘बंधन न मानणारा स्वच्छंदी जिप्सी’ म्हणून रंगवतात, मैफलीला उशिरा येण्याचे किस्से चवीने सांगतात. ज्या समाजाला गाडी एका गावातून दुसऱ्या गावात न्यायलाही शिक्का लागत होता, त्याच्याबद्दल ‘स्वच्छंदी’ हा शब्द वापरताना थोडा संकोच व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट सहसा झाकली जाते. युद्धकाळात तो रोमानी लोकांसाठी ऑर्गनवर वाजवायची एक प्रार्थनारचना करत होता. ती पूर्ण झाली नाही. तिचा थोडाच भाग ध्वनिमुद्रणाच्या रूपाने उरला आहे.

मध्यलय (प्रतिसाद)

वरील सर्व वाचले, आवडले, पण मी थोडा विरोधी सूर लावतो. उत्तरकाळाची बाजू घेण्याच्या भरात पंचकाला ‘एक टप्पा’ म्हणून गुंडाळू नये. डिसेंबर १९३४ मध्ये अल्ट्राफोन कंपनीसाठी त्यांनी जी पहिली मुद्रणे केली, त्यापूर्वी केवळ तारवाद्यांचा, ड्रम आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये) यांशिवायचा जॅझ या ताकदीने कोणी वाजवला नव्हता. त्यातील दोन साथीच्या गिटारी, एक जँगोचा भाऊ जोझेफ याची आणि दुसरी रोजे शापू याची, मिळून ‘ला पोंप’ नावाचा जो ठेका धरतात, त्यात ड्रमचे काम आणि स्वरांची भरण दोन्ही असते. एकल वादक त्या ठेक्यावर निर्धास्त होतो. १९५३ च्या मुद्रणांत पिएर मिशलोचा बास आणि मोरिस व्हान्देरचा पियानो उत्तमच आहेत, पण ती साथ पॅरिसमधल्या इतर अनेक चांगल्या संचांसारखीच आहे. पंचकाची साथ मात्र आधी कोठेही ऐकलेली नव्हती, आणि एखाद्या कारकिर्दीत अशी गोष्ट एकदाच घडते.

राहिला प्रश्न सवयीचा. उत्तरकाळ विसरला गेला त्याला समीक्षकांइतकेच त्याचे अनुयायीही कारणीभूत आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही. अल्सास, जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्समधील रोमानी कुटुंबांत जँगोच्या १९३०च्या दशकातील तबकड्या घराण्याच्या बंदिशींसारख्या पिढ्यान् पिढ्या गिरवल्या गेल्या. जर्मनीत श्नुकेनाक राइनहार्टने १९६७ मध्ये उभा केलेला संच, नंतर नेदरलँड्सचे रोझेनबर्ग त्रिकूट, या सर्वांनी पंचकाचा घाट पुढे नेला. त्याला व्यावहारिक कारणही आहे : तीन गिटारी आणि एक बास अंगणात, लग्नात, शेकोटीपाशी कोठेही वाजवता येतात, त्यासाठी वीज लागत नाही. १९५३ चे संगीत तसे वाजवता येत नाही. छळातून उरलेल्या समाजाने ज्या संगीताभोवती आपली ओळख पुन्हा बांधली, ते त्याच्या अंगणात मावणारे असावे, यात मला नवल वाटत नाही.

त्या परंपरेतही बाहेर पडणारे निघालेच. अल्सासचा बिरेली लाग्रेन याची पहिली तबकडी १९८० मध्ये आली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, आणि लोकांनी त्याला दुसरा जँगो म्हणून डोक्यावर घेतले. थोड्याच वर्षांत तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन जॅको पास्टोरियस या बासवादकाबरोबर पूर्ण वेगळे संगीत वाजवत होता, आणि २००१ च्या सुमारास स्वतःच्या अटींवर जुन्या शैलीकडे परतला. जँगोचा स्वतःचा मुलगा बाबिकही इलेक्ट्रिक गिटारवर आधुनिक जॅझ वाजवत असे.

अनवट

सर्वांचे मनापासून आभार. मध्यलय यांचे म्हणणे पटते, तरी ‘पंचकाची साथ एकदाच घडली’ आणि ‘म्हणून नंतरचे दुय्यम’ या दोन गोष्टींत अंतर आहे असे मला अजूनही वाटते. जुनी तबकडी यांनी अमेरिकेच्या दौऱ्याविषयी लिहावे ही विनंती. आणि आणखी एक विचारतो : रोमानी लोकांचे मूळ भारतात असल्यामुळे जँगोच्या वादनात आपल्या संगीताचा अंश आहे, असे बरेच जण सांगतात. त्यात कितपत तथ्य आहे?

जुनी तबकडी

अमेरिकेचा दौरा फसला असे म्हणताना तो कोणत्या अपेक्षेच्या मानाने फसला, हे पाहावे लागते. १९४६ च्या शरदात ड्यूक एलिंग्टनने त्याला पाहुणा कलाकार म्हणून बोलावले. जँगो गिटार न घेताच गेला. तेथील कारखानदार आपल्याला गिटार भेट देतील अशी त्याची कल्पना होती. तसे काही झाले नाही, आणि सवय नसलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन त्याला उभे राहावे लागले. एलिंग्टनने त्याच्यासाठी खास रचना केल्या नव्हत्या. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात तो येऊन मोजक्या धून वाजवी आणि वाद्यवृंद त्याला बेताचा आधार देई. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दोन रात्री कार्यक्रम झाले. पहिल्या रात्री त्याचे मोठे स्वागत झाले, दुसऱ्या रात्री तो फार उशिरा पोहोचला. वृत्तपत्रांनी दुसरी रात्र लक्षात ठेवली. त्यानंतर काही काळ तो न्यूयॉर्कमधील एका क्लबमध्ये वाजवत होता, आणि १९४७ च्या फेब्रुवारीत परतला.

माझ्या मते या दौऱ्याचा खरा परिणाम पुढे दिसतो. बीबॉप हे अमेरिकेतील नवे संगीत होते, आणि पॅरिसमधील जुने जॅझरसिक त्यावरून अक्षरशः दोन तट पाडून भांडत होते; ‘हॉट क्लब’मध्येच फूट पडली. चाळिशीला आलेला, सर्वांनी डोक्यावर घेतलेला जँगो आरामात जुन्या तटात बसू शकला असता. १९४९ च्या सुरुवातीला रोममध्ये ग्रापेलीबरोबर त्याने साठांहून अधिक धून मुद्रित केल्या, त्यांत जुना स्नेह आहे, पण त्याचे एकल वादन तेथेही अस्वस्थ आहे. १९५१ मध्ये तो ‘क्लब सां-जेर्मां’मध्ये युबेर व रेमों फोल, पिएर मिशलो अशा आपल्याहून कितीतरी लहान वादकांबरोबर उभा राहिला. ही मुले त्याला वडीलधारा म्हणून सवलत देणारी नव्हती. ८ एप्रिल १९५३ च्या शेवटच्या मुद्रणात पियानोवर मार्शियाल सोलाल आहे, तेव्हा पंचविशीचा. पुढे तो युरोपातील थोर पियानोवादकांत गणला गेला. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, १६ मे रोजी, सेन नदीकाठच्या सामुआ गावाजवळ मेंदूतील रक्तस्रावाने जँगोचा मृत्यू झाला.

भारतीय अंशाबद्दल माझे मत सरळ आहे. रोमानी भाषा हिंद-आर्य कुळातील आहे आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून निघाले, हे भाषाशास्त्र आणि आनुवंशिकी दोन्हींतून दिसते. परंतु जँगोच्या संगीताची घडण पॅरिसच्या नृत्यगृहांत, आर्मस्ट्राँगच्या तबकड्यांत आणि द्युबुसी-राव्हेल या फ्रेंच संगीतकारांच्या स्वरसंघांच्या आवडीत शोधावी लागते. त्याच्या ताना ऐकून आपल्याला राग आठवत असतील तर ते आपल्या कानांचे संस्कार आहेत. खरा दुवा हवा असेल तर तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलमध्ये सापडेल. १९३०च्या दशकात तेथे वाजवणारे लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक पॅरिसच्या वर्तुळातही वावरत होते. जँगोच्या मुद्रणांसाठी नावाजलेल्या ‘स्विंग’ या फ्रेंच कंपनीसाठी वेदरफर्डने १९३७ मध्ये पॅरिसला पियानो मुद्रित केला. त्याच काळात मुंबईत गोमंतकीय वादकही जॅझकडे वळत होते. हा धागा लहान आहे, पण कागदोपत्री सिद्ध होणारा आहे.

ऐकण्यासाठी सुचवायचे तर ‘न्युआज’ची १९४० ची आणि १० मार्च १९५३ ची अशी दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. त्यानंतर ३० जानेवारी १९५३ ची ‘अनुमान’ (Anouman) ही रचना ऐकावी. तेथे मुख्य धून युबेर फोलच्या आल्टो सॅक्सोफोनकडे सोपवलेली आहे. मध्यलय यांनीही ते ऐकून येथे लिहावे. साथ इतर संचांसारखीच आहे हे त्यांचे मत त्या मुद्रणापुरते तरी टिकेल असे मला वाटत नाही.